अर्ध्या ग्रॅमची कारभारीण

मी पीयूषिका बोलतेय, डॉक्टरांची पिट्युटरी. इकडेतिकडे शोधू नका, दिसणार नाही. दोन भुवयांच्या मधून सरळ आत या, नाकाची मागची भिंत ओलांडा. तिथे हाडात एक खळगा आहे, घोड्याच्या खोगिरासारखा. त्यात मी बसते. आकार वाटाण्याएवढा, वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. नाव मात्र थेट अमृतावरून ठेवलंय. नाव सोनूबाई म्हणतात ते आम्हीच.

शाळेच्या पुस्तकात मला सगळ्या ग्रंथींची राणी म्हणून छापलंय. वाचून बरं वाटतं, खोटं कशाला बोलू! पण राणीला वरून कोणी देठाने लटकवून ठेवत नाही. मला ठेवलंय. वर थोरल्या जाऊबाई राहतात, अधश्चेतक त्यांचं नाव, डॉक्टरांच्या भाषेत हायपोथॅलॅमस. त्या कुजबुजतात आणि मी खाली हुकूम सोडते. चांगलं झालं तर त्यांचं डोकं, वाईट झालं तर माझा हात. घरोघरी मातीच्या चुली.

माझा जन्मही जरा गमतीचा. माझा पुढचा अर्धा भाग गर्भातल्या बाळाच्या तोंडातल्या टाळूतून वर सरकत आला आणि मागचा अर्धा मेंदूतून खाली उतरला. दोघांची वाटेत गाठ पडली आणि मी झाले. माहेर तोंडात असल्यामुळे मला बोलायची खोड आहे, ती सहन करून घ्या.

जिच्या डोक्यात मी जन्मले, ती पुढे चष्म्याच्या काचा घासायला लागली. सगळे तिला चष्मेवाली म्हणतात, मीही तेच म्हणते. तिच्या डोळ्यांच्या दोन्ही तारा माझ्या डोक्यावर एकमेकींना फुली मारून मागे जातात. त्यामुळे ती जे बघते ते सगळं माझ्या छपरावरून जातं. चोरून बघायची सवय मला तिथूनच लागली.

ती सहा वर्षांची असताना पहिल्यांदा माझं दार जोरात वाजलं. रक्तातून तरंगत काही निरोपे आले होते. डॉक्टर मंडळी त्यांना सायटोकाइन म्हणतात. अंगातल्या पांढऱ्या पेशींची जी फौज आहे ना, तिचे हे निरोपे. "घशात चोर शिरलेत! लढाई सुरू झालीय! तुमचं काय ते बघा!" एवढं ओरडून ते पुढे गेले.

जाऊबाईंनी तोच निरोप ऐकला आणि अंगाची शेगडी मोठी केली. बाहेर आई म्हणाली, "अगंबाई, कपाळ तापलंय हिचं." मी खाली चिठ्ठी धाडली. दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोप्या घातल्यासारख्या दोन ग्रंथी बसतात, अधिवृक्क. माझी चिठ्ठी मिळाली की त्या कॉर्टिसॉल सोडतात. कॉर्टिसॉल रक्ताचा दाब सांभाळतं, साखर सांभाळतं, आणि मुख्य म्हणजे फौजेला म्हणतं, "पुरे आता." हे 'पुरे' फार महत्त्वाचं. फौजेला कोणी आवरलं नाही, तर ती चोराबरोबर घरही पाडून ठेवते.

बाकीची खाती मी तेव्हा बंद करून टाकली. उंची वाढवणं, थायरॉइडला टोचणी लावणं, सगळं नंतर. घर पेटलेलं असताना भिंतींना रंग कोण देतं? आई काळजीने म्हणत होती, "खात नाही, खेळत नाही, नुसती लोळतेय." लोळणं हा वरून आलेला आदेश होता, पण आईला कोण सांगणार?

पुढे मी पुष्कळ खोड्या केल्या. तेराव्या वर्षी तिच्या चेहऱ्यावर पुटकुळ्या उठवल्या, त्याही वर्गाचा फोटो काढायच्या आठवड्यात. एका वर्षात तिला चार बोटं उंच केलं आणि सगळे झगे आखूड पाडले. लेक झाली तेव्हा दूध उतरवलं, आणि मग शेजारणीचं बाळ रडलं तरी हिचाच पदर भिजायचा. ती माझी चूक. उत्साहात झाली.

तिचं दुकान दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत काचेच्या कपाटात फ्रेमा, एक आरसा, नंबर तपासायचा तक्ता आणि तिचा नवरा. मागच्या खोलीत घासायचं चाक, त्यावर थेंबथेंब पडणारं पाणी, बारीक स्क्रूंच्या डब्या आणि ती. तो बोलतो, ती घासते. त्याने गिऱ्हाइकाला सांगायचं, "तुमच्या चेहऱ्याला ही फ्रेम म्हणजे अगदी मोजून केल्यासारखी," आणि तिने आत खरोखर मोजून काच कापायची. सव्वीस वर्षांत तिची एक काच चुकली नाही. सव्वीस वर्षांत तो एकदाही गप्प बसला नाही. संसार असा बेताने चालला होता.

मग तिच्या टाचेवर एक काळा ठिपका आला. चप्पल लागली असेल म्हणून तिने वर्षभर अंगावर काढला. ठिपका पसरला, कडा वेड्यावाकड्या झाल्या. शेवटी नवऱ्याने पाय धरून बळेच बघितला आणि पहिल्यांदाच त्याचं तोंड बंद झालं. तो कातडीचा कर्करोग निघाला. ठिपका कापून काढला, पण तोवर रोग जांघेतल्या गाठीपर्यंत पोचला होता.

कर्करोगाच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. "आपल्या फौजेला ब्रेक असतात. ही गाठ ते ब्रेक दाबून धरते, म्हणून फौज तिला हात लावत नाही. आम्ही शिरेतून जे औषध देणार, ते ब्रेक काढून टाकतं."

नवरा म्हणाला, "म्हणजे उतारावर बिनब्रेकची सायकल?"

"तसंच काहीसं. म्हणून नवीन काही वाटलं, डोकं दुखलं, जुलाब झाले, जास्त थकवा आला, तर लगेच सांगायचं. लपवायचं नाही."

लपवायचं नाही! हे कोणाला सांगताय? ज्या बाईने टाचेवरचा ठिपका वर्षभर चपलेखाली ठेवला, तिला? मी आत हसत होते. डॉक्टरांनी दिलेला सूचनांचा कागद तिने घडी घालून मागच्या खोलीत घासायच्या चाकाखाली सरकवला, कारण चाकाचा एक पाय डुगडुगत होता.

दर तीन आठवड्यांनी औषध सुरू झालं. फौज सुटली. काय तो जोश! जांघेतल्या गाठीवर तुटून पडली. सहाव्या आठवड्यात डॉक्टरांनी गाठ चाचपून बघितली आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. "लहान वाटतेय की." नवऱ्याने त्या दिवशी दुकानात आलेल्या प्रत्येकाला ही बातमी सांगितली, नुसता पत्ता विचारायला आलेल्या माणसालासुद्धा.

मीही खूश होते. नवव्या आठवड्यात माझं दार वाजलं, तेव्हा मला वाटलं विजयाची बातमी आली. दार उघडलं तर निरोप्यांच्या मागे खुद्द फौज उभी.

"चुकलात," मी म्हटलं, "गाठ खाली आहे. जांघेत."

कोण ऐकतंय? त्या औषधाला धरायला जी खूण लागते, तशीच खूण थोडी माझ्या पेशींवरही असते. औषध माझ्याही अंगाला चिकटलं होतं, आणि ते जिथे चिकटलं तिथे फौज आली. घुसलेच. मी सुजले. वाटाण्याची सुपारी झाले. खोगिरात मावेना, वरचा पडदा ताणला गेला, आणि चष्मेवालीचं कपाळ ठणकायला लागलं.

गंमत बघा. फौजेला 'पुरे' म्हणवून घ्यायची चिठ्ठी लिहायची मी, आणि तिने मोडला तो नेमका माझाच चिठ्ठ्या लिहिणारा हात. पोलिसाला मारहाण होतेय, तर तक्रार कुठे करायची?

चिठ्ठ्या थांबल्या तशा खालच्या दोघी अधिवृक्क बहिणी झोपी गेल्या. कॉर्टिसॉल आटलं. चष्मेवाली सकाळी उठायची ती दमलेलीच. जेवणावरची वासना गेली. उभी राहिली की डोळ्यांपुढे अंधारी. थायरॉइडही मंदावलं, त्यामुळे भर दुपारी तिला थंडी वाजायची.

"काय होतंय?" नवरा विचारायचा.

"काही नाही. जरा दमलेय."

"डॉक्टरांना फोन करू?"

"एवढ्यासाठी? त्यांना दुसरे पेशंट नाहीत का?"

त्याला वाटलं, मन खचलंय. शेजारीपाजारीही तेच म्हणाले. कोणी म्हणालं मोकळ्या हवेत न्या, कोणी म्हणालं विनोदी सिनेमे दाखवा. बिचाऱ्याने तीन सिनेमे दाखवले. तिन्ही तिने बसल्या जागी झोपून काढले.

आणि मग ती चूक झाली. एक निवृत्त हेडमास्तर होते, तिचे जुने गिऱ्हाईक. नवा चष्मा घालून दुकानाबाहेर पडले आणि दोन मिनिटांत परत आले.

"बाई," ते म्हणाले, "आज पायऱ्या मला भेटायला वर येतायत."

तिने चष्मा तपासला. उजव्या डोळ्याची काच डाव्या बाजूला बसवली होती. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. ती स्टुलावर बसली, चष्मा मांडीवर ठेवला आणि रडायला लागली. हेडमास्तर घाबरून म्हणाले, "अहो, राहू दे, मी तिरपा चालेन!" पण तिचं रडू थांबेना. मी आतून सगळं ऐकत होते. माझ्यामुळे झालं होतं ते, आणि मला एक अक्षर बोलता येत नव्हतं. खोडी काढायची माझी सगळी हौस त्या दिवशी फिटली.

चारच दिवसांनी तिला साधी सर्दी झाली. सर्दीच ती. एरवी तुम्ही दोनदा शिंकून विसरून जाता. का विसरता? कारण निरोपे येतात, तुमची पीयूषिका चिठ्ठी लिहिते, कॉर्टिसॉल दुप्पट होतं आणि गाडा पुढे जातो. तिच्याकडे निरोपे आले. "घशात चोर! चिठ्ठी लिहा!" मी त्यांना माझा मोडका हात दाखवला. ते बघत राहिले.

सकाळी दुकान उघडताना ती शटरपाशीच कोसळली.

हॉस्पिटलमध्ये धावपळ उडाली. रक्ताचा दाब खाली, साखर खाली, अंगातलं मीठ खाली. ड्यूटीवरचा डॉक्टर भराभर सांगत होता. "सलाइन चालू करा, जंतुसंसर्ग असेल, अँटिबायोटिक द्या." चुकीचं नव्हतं. पण सलाइनच्या दोन बाटल्या गेल्या तरी दाब काही वर येईना. नवरा पायाशी उभा राहून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "सर्दी आहे हो फक्त. सर्दी आहे."

एक पिकल्या केसांची नर्स तिथे होती. तिने शांतपणे विचारलं, "यांना कसलं औषध चालू आहे?"

नवऱ्याने सांगितलं. ब्रेकची आणि सायकलची गोष्टही सांगितली. तो काय, सांगणारच.

नर्सने मान वर केली. "डोकं दुखायचं?"

"महिनाभर."

"डॉक्टर," ती म्हणाली, "मागे असाच एक पेशंट आला होता आपल्याकडे. कॉर्टिसॉलला रक्त काढून घेऊ आणि रिपोर्टची वाट न बघता हायड्रोकॉर्टिसोन देऊ. द्यायचं का?"

डॉक्टरने क्षणभर तिच्याकडे बघितलं. तरुण होता, पण शहाणा होता. "द्या," म्हणाला.

मी आत नाचले असते, पण सुजलेली होते.

तासाभरात दाब वर आला. दुपारी चष्मेवालीने डोळे उघडले आणि पहिला प्रश्न विचारला, "शटर लावलंत का?" नवरा हसला की रडला हे मला नीट दिसलं नाही, तिचेच डोळे भरून आले होते.

रिपोर्टमध्ये कॉर्टिसॉल जवळजवळ नव्हतंच. मग माझा फोटो काढला, म्हणजे एमआरआय. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझा फोटो काढला, आणि तोही तोंड सुजलेलं असताना. पुटकुळ्यांचं पाप फिटलं म्हणायचं.

ग्रंथींच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी दोघांना समोर बसवलं. "कर्करोगाचं औषध चांगलं काम करतंय. पण फौजेने वाटेत पीयूषिकेला मारलंय. थायरॉइडची चिठ्ठी कदाचित ती परत लिहायला लागेल. कॉर्टिसॉलची बहुधा कधीच नाही. त्या गोळ्या आता जन्मभर. आधी या सुरू करायच्या, थायरॉइडची गोळी नंतर. हा क्रम मोडायचा नाही."

"रोज घेतल्या की झालं?" चष्मेवालीने विचारलं.

"रोजचं झालं. पण ताप आला तर अंगाला जास्त लागतं. आधी ते आतल्या आत कळायचं आणि आतल्या आत वाढायचं. आता बाहेरून कोणीतरी ओळखायचं आणि डोस दुप्पट करायचा. उलटी होऊन गोळी टिकली नाही तर इंजेक्शन द्यायचं, घरातच, आणि मग हॉस्पिटल गाठायचं." त्यांनी नवऱ्याकडे बोट केलं. "हे तुम्ही करायचं. या बाई सांगणार नाहीत, मी फाइल वाचलीय."

नवरा जरा दुखावला. "म्हणजे वाटाण्याच्या जागी माझी नेमणूक?"

"वाटाणा चोवीस तास जागा असायचा," बाई म्हणाल्या. "बघा जमतंय का."

मला त्या बाई फार आवडल्या.

अडचण एवढीच होती की, त्याला सुईचं भय. पिकल्या केसांच्या नर्सने शिकवायला घेतलं. कुपीचं टोपण दाबायचं, पावडर विरघळू द्यायची, औषध ओढायचं, मांडीच्या बाहेरच्या अंगाला टोचायचं. तिने समोर स्पंजचा तुकडा ठेवला. त्याने स्पंजला सुई टोचली आणि स्वतः पांढराफटक पडला.

"अहो, स्पंजला दुखत नाही," नर्स म्हणाली.

"मला दुखतं ना पण," तो म्हणाला.

सात वेळा स्पंज टोचून घेतला तिने त्याच्याकडून. तरी घरी जाताना तो म्हणाला, "अगं, तू आजारीच पडू नकोस, कसं?"

आठ महिने ती पडली नाही. गाठ विरघळली. मीही विरघळत गेले, सूज उतरता उतरता पहिल्यापेक्षा लहान झाले. ती पुन्हा मागच्या खोलीत बसायला लागली. थायरॉइडची चिठ्ठी मी हळूहळू परत लिहायला लागले, अक्षर जरा वाकडं येतं एवढंच.

मग एका सकाळी तिच्या पोटात ढवळलं. माझ्या दारावर थापा पडायला लागल्या. "पोटात चोर! चिठ्ठी लिहा!" मी नुसती बघत बसले. बाहेर चष्मेवाली म्हणत होती, "एवढी काच पूर्ण करते आणि मग पडते जरा."

पुढच्या खोलीत नवरा हेडमास्तरांच्या डोळ्यांचा नंबर तपासत होता. त्यांच्या नाकावर ती चाचणीची गोल लोखंडी फ्रेम होती, काचा सरकवून बघायची. बोलता बोलता नवरा मध्येच थांबला. चाकाचा आवाज एका लयीत येत नव्हता म्हणे. तो आत गेला, तिच्या कपाळाला हात लावला आणि काही न विचारता दोन गोळ्या हातावर ठेवल्या. तिने गिळल्या. पाच मिनिटांत उलटून पडल्या. पुन्हा दिल्या. पुन्हा पडल्या.

"नको," ती म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "थांबा जरा. बरं वाटेल."

"नाही वाटणार," तो म्हणाला. इतकं लहान वाक्य त्याने जन्मात उच्चारलं नव्हतं.

त्याने खण उघडून डबी काढली. हॉस्पिटलची गाडी मागवायला फोन केला. हात असे थरथरत होते की डबीतला सूचनांचा कागद वाचता येईना. "मास्तर, वाचा!" तो ओरडला.

हेडमास्तर त्या गोल फ्रेमसकट आत आले आणि श्रुतलेखन सांगावं तसे खणखणीत आवाजात वाचायला लागले. "एक! कुपीचे टोपण दाबावे. दाबले?"

"दाबलं."

"दोन! कुपी हलवावी. हलवली?"

"माझे हात हलतायत, तीही हलतेय!"

"उत्तम! तीन!"

चष्मेवाली त्या अवस्थेतही हसली. आणि ती हसत असतानाच त्याने सुई टोचली. सरळ, एका दमात, सगळं औषध आत जाईपर्यंत हात न काढता.

मला खाली रक्तात ती ऊब आल्याचं कळलं. कॉर्टिसॉल आलं होतं. माझ्या चिठ्ठीशिवाय, मांडीच्या वाटेने. निरोपे माझ्या दारात उभे होते, तेही चकित झाले. मला थोडा हेवा वाटला, मान्य करते. पण जास्त वेळ नाही.

कारण तिचा दाब जरा सावरला, तिने मान उचलली, आणि तेवढ्यात नवरा सुई नीट डबीत ठेवून, डबीचं झाकण नीट लावून, हळूच जमिनीवर आडवा झाला. गाडीबरोबर आलेल्या माणसांनी दारातून विचारलं, "पेशंट कोण?" हेडमास्तरांनी दोन हातांनी दोघांकडे दाखवलं. चष्मेवाली नवऱ्याच्या तोंडावर घासायच्या चाकाचं पाणी शिंपडत होती.

आता ती बरी आहे. दोन दिवसांत घरी आली. तपासण्या चालू आहेत, गाठ परत आलेली नाही. उद्या काय, ते मला ठाऊक नाही. तेवढं मोठं डोकं जाऊबाईंचं.

तुम्हाला एक विनंती आहे. तुमच्यात बसलेली माझी बहीण धडधाकट असेल, तर ती ताप आला की तुम्हाला अंथरुणावर लोळवेल. तेव्हा तिच्याशी हुज्जत घालू नका, 'काही नाही, अंगावर काढते' म्हणू नका. लोळा. आणि जिच्यात किंवा ज्याच्यात ती उरलेली नाही, तिच्या किंवा त्याच्या शेजारी कोणीतरी बोलकं माणूस ठेवा.

मी अजून खोगिरातच आहे, चोपलेली, चपटी. काम थोडं, वेळ भरपूर. निरोपे अजूनही सवयीने माझंच दार वाजवतात. सर्दी झाली, खोकला झाला, धावत येतात आणि ओरडतात. मी त्यांना आत बसवून घेते आणि म्हणते, "बाबांनो, पुढच्या खोलीत जा. तो तिथे बसलाय."